वारीची वाट आणि केसांची निगा

आषाढी वारीला निघण्यापूर्वी पायांची काळजी सर्वच जण घेतात. चपला तपासल्या जातात, भेगांना मलम लावले जाते. केसांचा विचार मात्र कुणी करीत नाही. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. जवळजवळ तीन आठवडे ऊन, धूळ, घाम आणि पाऊस डोक्यावर घेत चालायचे असते. नवी मुंबईतून वारीला जाऊन आलेल्या भगिनी दवाखान्यात येतात, तेव्हा पायांच्या फोडांइतक्याच डोक्याच्या तक्रारी ऐकायला मिळतात. खाज, उवा, केसतूड आणि न सुटणारा गुंता या त्या तक्रारी होत.

ओले केस बांधू नका

पहाटे अंधारात आंघोळ, डोक्यावरून पाणी, लगेच अंबाडा आणि वर पदर, असा पुष्कळ जणींचा क्रम असतो. आषाढाच्या दमट हवेत असा अंबाडा दिवसभर आतून ओलाच राहतो. त्याने वास येतो, कोंडा वाढतो आणि केसांच्या मुळाशी पू धरतो. म्हणून रोज डोक्यावरून न्हाण्याची गरज नाही. दुपारी मुक्कामावर लवकर पोहोचल्यास आणि ऊन असल्यासच केस धुवावेत. नीरेत किंवा चंद्रभागेत स्नान झाल्यावर केस पंचाने टिपून मोकळे सोडावेत. खसाखसा चोळू नयेत, कारण ओला केस लवकर तुटतो. पावसासाठी डोक्यावर प्लॅस्टिक घेतले असेल, तर पाऊस थांबताच ते काढावे. त्याखाली घाम कोंडतो.

डोक्यावर तुळशीवृंदावन घेणाऱ्यांनी अंबाडा मानेजवळ खाली, सैलसर बांधावा किंवा वेणी घालावी. अंबाडा टाळूवर असला की चुंबळ नीट बसत नाही आणि मान आखडते. केस फार ओढून बांधल्यास डोके दुखते व कपाळाकडचे केस विरळ होतात.

उवांचा बंदोबस्त

उवा उडत नाहीत की उड्या मारीत नाहीत. डोक्याला डोके लागले की त्या चालत जातात. राहुटीत दाटीवाटीने झोपताना हे सहज घडते. म्हणून आपली फणी आणि डोक्याला बांधायचा रुमाल वेगळा ठेवावा. निघण्यापूर्वी पंधरा दिवस डोके कुणाकडून तरी पाहून घ्यावे. उवा असल्यास १ टक्का परमेथ्रिनचे लोशन धुऊन टिपलेल्या केसांना लावून १० मिनिटांनी धुवावे. लिखांतून नवीन उवा बाहेर पडतात, म्हणून ७ ते १० दिवसांनी ते पुन्हा लावावे लागते. गर्भवती स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. रॉकेल मात्र कधीही लावू नये. त्याने कातडी भाजते आणि चुलीजवळ केस पेट घेण्याचा धोका असतो.

गुंता आणि जट

निरोगी माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतात. विंचरले की ते कंगव्यात येतात. विंचरले नाही तर ते डोक्यावरच्या केसांत अडकून राहतात. केसाला अगदी बारीक खवले असतात. घाम, तेल, धूळ आणि ओल यांनी ते एकमेकांत रुततात. लोकर ओली करून मळली की ती घट्ट होते, तसेच हे आहे. तीन आठवडे विंचरण न झाल्यास मोठा गुंता होतो, आणि तो महिनोन्‌महिने तसाच राहिला तर जट होते. देवीचा कौल म्हणून जी जट सांभाळली जाते, तिची सुरुवातही बहुधा अशीच असते. बाळंतपण, लांबलेला ताप किंवा मनाचा आजार यांत विंचरणे राहून जाते, आणि पुढे भीतीने कुणी कात्री लावीत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. पोलंड देशातही अशी जट कापली तर माणूस आंधळा होईल किंवा वेडा होईल, असे लोक मानीत. १९व्या शतकात क्राकाव शहरातील डॉक्टर योझेफ डीटल यांनी या समजाविरुद्ध मोहीम चालवली. जट कापल्याने कुणी आंधळे झाले नाही.

जट असलेल्या बाईला वारी फार जड जाते. भिजलेली जट लवकर वाळत नाही. तिच्या वजनाने मान दुखते, आत उवा होतात, जखमा होतात, आणि त्या कुणाला दिसत नाहीत. जखमेवर माशी बसली तर अळ्याही पडू शकतात. मधुमेह असेल तर धोका अधिक.

जट कापताना दुखत नाही. केसात नस नसते, रक्त नसते. सुरुवातीचा गुंता असेल तर भरपूर खोबरेल तेल लावून, टोकाकडून मुळाकडे, बोटांनी थोडा थोडा सोडवावा. जुनी जट मुळाजवळ कात्रीने कापावी लागते. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अनेक स्त्रियांच्या जटा, त्यांची समजूत काढून, सोडवत आले आहेत. घरच्यांनी त्या बाईची चेष्टा करू नये, आणि झोपेत कात्रीही लावू नये. तिची भीती खरी असते. तिच्याशी बोलावे, तिचा होकार घ्यावा, आणि हे काम प्रस्थानाच्या निदान पंधरा दिवस आधी करावे, म्हणजे खालच्या जखमा भरून येतात. व्रत म्हणून जटा राखणाऱ्यांनी त्या धुऊन पूर्ण वाळवाव्यात. श्रद्धेला त्याने बाध येत नाही.

पिशवीत एवढे असू द्या

एक रुंद दातांचा कंगवा, एक फणी, खोबरेल तेलाची लहान बाटली, सुती पंचा आणि दोन सुती रुमाल. रोज रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटे केस मोकळे करून विंचरावेत आणि सैल वेणी घालून झोपावे. मैत्रिणींनी एकमेकींचे केस विंचरले तर डोक्यावरील जखमही वेळीच दिसते.

डोक्यात पू, मानेत गाठी, ताप किंवा दुर्गंधी असल्यास पंढरपूरपर्यंत थांबू नये. वाटेवर आरोग्य खात्याची पथके असतात, तेथे त्याच दिवशी डोके दाखवावे.