जुन्या घराची दुरुस्ती : अंदाजपत्रक, राखीव रक्कम आणि विमा
(इयत्ता आठवी-नववीच्या गणितासाठी व्यवहारातला एक पाठ)



शेकडेवारी, गुणोत्तर आणि क्षेत्रफळ हे घटक आपण दरवर्षी शिकवतो. मुलं गणितं सोडवतात, गुणही मिळवतात. पण "याचा घरी उपयोग काय?" असं एखाद्यानं विचारलं की आपण दुकानातल्या सवलतीचं उदाहरण देऊन मोकळे होतो. आज त्याहून मोठं उदाहरण घेऊ : गावाकडचं जुनं घर दुरुस्त करणं. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी निवृत्तीनंतर मिळालेली भविष्य निर्वाह निधीची रक्कम याच कामात जाते. हिशोब चुकला तर छप्पर उघडं, पैसे संपलेले आणि पाऊस तोंडावर, अशी पाळी येते. म्हणून हा पाठ मुलांइतकाच मोठ्यांसाठीही आहे.

पाठाचं सूत्र एका वाक्यात सांगायचं तर : घराची झीज आपल्या खिशातून भरायची असते, अपघात विम्यातून. ही दोन खाती वेगळी ठेवली नाहीत की फसगत होते.

१) 'अचानक' खर्च खरंच अचानक असतो का?

जुन्या कौलारू किंवा माळवदाच्या घरात बराचसा भाग डोळ्यांना दिसत नाही. आढं, तुळया, वासे कौलांखाली किंवा मातीखाली झाकलेले असतात. न्हाणीघराचे जुने लोखंडी पाइप भिंतीत किंवा फरशीखाली असतात, विजेची वायर पट्टीत किंवा गिलाव्यात असते. ठेकेदार बाहेरून बघून अंदाज देतो. काम सुरू झालं, कौलं उतरली की मग वाळवी लागलेली तुळई दिसते. ती काल लागलेली नसते, वर्षानुवर्षं तिथंच असते. आपल्याला फक्त आज कळतं.

म्हणून दुरुस्तीआधी घराची तपासणी करायची. साध्या साधनांनी बरंच कळतं.

- टोकदार पेचकस तुळईच्या भिंतीत शिरणाऱ्या टोकाशी दाबून बघा. सहज आत गेला तर लाकूड पोखरलेलं आहे. तुळया बहुधा याच टोकाशी कुजतात, कारण भिंतीतली ओल तिथं पोहोचते.
- गिलाव्यावर बोटाच्या पेरानं टकटक करा. पोकळ आवाज आला तर गिलावा भिंतीपासून सुटलेला आहे.
- भिंतीच्या पायथ्याशी पांढरी बुरशीसारखी पूड दिसते का? त्याला आपण लोणा म्हणतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि क्षार बाहेर सोडते. वरून रंग दिला तर एक-दोन पावसाळ्यांत तो पुन्हा फुगतो.
- विजेच्या जोडणीला अर्थिंग आहे का? पंखे आणि दिवे यांच्यासाठी केलेल्या जुन्या वायरिंगवर गीझर, मिक्सर, पंप चालवायचा असेल तर वायरिंग बदलण्याचा खर्च आधीच धरा.

भिंत दगड-मातीची किंवा चुन्यातली असेल तर आणखी एक काळजी घ्यायची. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते, मग गिलावा सुटतो आणि आतली माती-चुना सैल होतो. अशा भिंतींवर स्लॅब टाकायचा विचार असेल तर संरचना अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छप्पर असलेली घरं कशी कोसळली, हे मराठवाड्याला माहीत आहे. अभियंत्याची फी वाचवणं ही बचत नव्हे.

२) अंदाजपत्रक फळ्यावर मांडू या

खालचे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपापल्या गावचे दर घालून मुलांकडून पुन्हा करून घ्या.

छप्पर (कौलं उतरवणं, वासे-रिपा बदलणं) : २,४०,००० रु.
न्हाणीघर-संडास आणि नळजोडणी : ९०,००० रु.
वीजजोडणी : ७०,००० रु.
फरशी : १,१०,००० रु.
गिलावा-रंग : ९०,००० रु.
एकूण : ६,००,००० रु.

आता समजा, काम उघडल्यावर हे निघालं : दोन तुळया बदलणं ६०,००० रु., पावसानं भिजून सैल झालेला भिंतीचा माथा पुन्हा बांधणं ४५,००० रु., सांडपाण्याची नवी लाइन २५,००० रु., अर्थिंग आणि नवा मीटर बोर्ड २०,००० रु. बेरीज १,५०,००० रु. म्हणजे मूळ अंदाजाच्या २५ टक्के.

मुलांना विचारा : घरच्यांनी "दहा टक्के जास्तीचे ठेवू" असं ठरवलं असतं तर? ६०,००० रुपये हाताशी असते आणि ९०,००० कमी पडले असते. सरसकट एकच टक्केवारी लावायची सवय इथं अडचणीत आणते. जे काम झाकलेल्या भागाला हात लावतं, त्यात धोका जास्त. जे काम उघड दिसतं, त्यात कमी.

म्हणून दोन गट करू.

झाकलेली कामं (छप्पर, न्हाणीघर, वीज) : ४,००,००० रु. × ३० टक्के = १,२०,००० रु.
उघडी कामं (फरशी, रंग) : २,००,००० रु. × १० टक्के = २०,००० रु.
राखीव रक्कम : १,४०,००० रु.

एकूण अंदाजाशी ही साधारण २३.३ टक्के होते. ३० आणि १० ची साधी सरासरी २० येते, मग उत्तर २३.३ का? हा प्रश्न वर्गात नक्की विचारा. भारित सरासरी शिकवायला याहून सोपं उदाहरण मला तरी दिसत नाही.

राखीव रक्कम खात्यात वेगळी ठेवायची, आणि ती आहे हे ठेकेदाराला सांगायची गरज नाही. त्याच्याशी करार करताना मात्र प्रत्येक कामाचा दर लिहून घ्यायचा : चौरस फुटाला किती, रनिंग फुटाला किती. "जादा काम निघालं तर दर लेखी ठरल्यावरच सुरू होईल" हे एक वाक्य करारात असू द्या. कामाचा क्रमही लक्षात ठेवा : आधी छप्पर आणि भिंती, मग पाणी, मग वीज, शेवटी फरशी आणि रंग. पैसे कमी पडलेच तर रंग थांबू शकतो, छप्पर थांबू शकत नाही.

३) विमा नेमकं काय देतो?

पुष्कळांना वाटतं, घराचा विमा आहे म्हणजे काहीही बिघडलं तरी पैसे मिळतील. तसं नसतं. वरच्या दीड लाखाच्या यादीतल्या एकाही गोष्टीचे पैसे घराच्या विम्यातून मिळणार नाहीत. वाळवी, कुजणं, गंजणं, जुनी वायरिंग ही सगळी झीज आहे. विमा असतो आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, भूस्खलन अशा घटनांसाठी.

आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं ठरवून दिलेली 'भारत गृह रक्षा' ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी आहे. तिच्यातल्या काही तरतुदी गणिताच्या तासाला अगदी उपयोगी पडतात.

विमा रक्कम : ती बाजारभावावर ठरत नाही. घर नव्यानं बांधायला येणाऱ्या खर्चावर ठरते. जागेची किंमत त्यात येत नाही, कारण जमीन जळत नाही. चटई क्षेत्र ८० चौ. मी. आणि बांधकाम दर २०,००० रु. प्रति चौ. मी. धरला तर विमा रक्कम १६ लाख रुपये. क्षेत्रफळ खरं तेच लिहायचं.

सामान : घर आणि सामान दोन्हींचा विमा घेतला तर सामानासाठी घराच्या विमा रकमेच्या २० टक्के रक्कम आपोआप धरली जाते, कमाल मर्यादा १० लाख. वरच्या उदाहरणात ३,२०,००० रु.

वाढीव बांधकाम : चटई क्षेत्र १० टक्क्यांहून जास्त वाढवलं आणि कंपनीला कळवून, जादा हप्ता भरून पॉलिसीत नोंद केली नाही, तर त्या वाढीव भागाला संरक्षण मिळत नाही.

जमीन खचणं : दुरुस्ती, पाडकाम, संरचनेतले बदल किंवा खोदकाम यांमुळे जमीन खचून झालेलं नुकसान यात धरलं जात नाही. शौचालयाच्या टाकीसाठी जुन्या भिंतीला लागून खड्डा खणणाऱ्यांनी हे मुद्दाम वाचावं.

मालमत्तेच्या विम्यात 'सरासरी'चं एक जुनं कलमही असतं. घराचं मूल्य १६ लाख, विमा मात्र ८ लाखांचाच. नुकसान ४ लाखांचं झालं, तर कंपनी ४ × ८/१६ म्हणजे २ लाखच देते. गुणोत्तराचं गणित इतकं थेट भिडतं! 'भारत गृह रक्षा'मध्ये अशी कपात होत नाही, पण तिथंही विमा रकमेपेक्षा जास्त काही मिळत नाही. पूर्ण घर गेलं तर ८ लाखांवरच थांबावं लागेल.

४) काम चालू असतानाचे दिवस

सगळ्यात नाजूक काळ हाच. कोकणात छपराची कामं एप्रिल-मे महिन्यांत उरकतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. ज्यांची कौलं तेव्हा अंगणात रचलेली असतील, त्यांची अवस्था डोळ्यांसमोर आणा. तेव्हा काम काढण्याआधी चार गोष्टी करा.

- विमा कंपनीला काम सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख लेखी कळवा. छप्पर उघडं असताना आणि घर बंद असताना संरक्षण राहतं का, याचं उत्तरही लेखी घ्या.
- आवारातली सिमेंटची पोती, सळई, फरशी घराच्या पॉलिसीत आहेत असं गृहीत धरू नका. चालू बांधकामासाठी ठेकेदारानं घ्यायची वेगळी पॉलिसी असते. तिच्यात आपलं मूळ घर आणि शेजाऱ्याचं नुकसान धरलं आहे का, हे विचारा.
- छपरावर चढणाऱ्या कामगारांचा अपघात विमा आहे का, त्याची प्रत मागा. कुणी पडलं तर त्याचं घर उघड्यावर येतं. हा मुद्दा पैशांपुरता नाही.
- काम सुरू होण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा आणि सगळी बिलं एका फाइलमध्ये ठेवा. नुकसान झालंच तर सर्व्हेअर याच गोष्टी मागतो.

५) वर्गासाठी प्रश्न

१. ८० चौ. मी. चटई क्षेत्राच्या घराला ३ मी. × ३.५ मी. चं स्वयंपाकघर वाढवलं. कंपनीला कळवणं गरजेचं आहे का? (वाढ १०.५ चौ. मी., म्हणजे १३.१२५ टक्के. होय.)

२. घराची विमा रक्कम ६० लाख असेल तर सामानासाठी आपोआप किती रक्कम धरली जाईल? (२० टक्के म्हणजे १२ लाख, पण मर्यादेमुळे १० लाख.)

३. पुढच्या गोष्टींचे 'झीज' आणि 'अपघात' असे दोन गट करा : वाळवी, वीज पडून फुटलेली कौलं, गंजलेला नळ, पुरात पडलेली भिंत, लोणा. प्रत्येकाचं कारण एका वाक्यात लिहा.

तिसऱ्या प्रश्नावर मुलांना भांडू द्या. "आधीच कुजलेली तुळई वादळात मोडली, तर?" असं कुणीतरी विचारेलच. खऱ्या दाव्यांमध्येही वाद इथंच होतो, आणि म्हणूनच वेळच्या वेळी केलेल्या डागडुजीची बिलं जपून ठेवायची.

पालकांना एकच विनंती. घरात दुरुस्ती निघाली की मुलांना "तुम्हाला काय कळतंय" म्हणून बाजूला सारू नका. मोजमाप घ्यायला टेप त्यांच्या हातात द्या, ठेकेदाराचं बिल तपासायला द्या, पॉलिसीतलं एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. पुढे पंधरा-वीस वर्षांनी त्याच घराचा हिशोब त्यांनाच करायचा आहे.