धाग्याची फुले

(प्रस्तुत पाठात क्रोशाच्या सुईने विणलेल्या फुलांची व त्यांच्या दागिन्यांची माहिती दिली आहे. ही फुले कशी विणतात, त्यांनी कोणाकोणाला आधार दिला आणि त्यांची खरी किंमत कशी मोजावी, हे या पाठात सांगितले आहे.)

दागिना म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर सोने, चांदी किंवा मोती येतात. पण साध्या सुती धाग्याचाही दागिना होतो. पांढऱ्या धाग्याचे एक छोटे फूल विणावे, त्याला तार लावावी, की कानातले तयार! अशी वीस-पंचवीस फुले एकमेकांना जोडली की गळ्यातला हार होतो. हा दागिना वजनाला हलका असतो. तो हरवला तरी चोराला त्याचा उपयोग नसतो! मग त्याची किंमत कशावरून ठरवायची? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी आपण ही कला समजून घेऊ.

या विणकामाला क्रोशाचे विणकाम म्हणतात. ‘क्रोशा’ हा शब्द मूळ फ्रेंच भाषेतला आहे. त्या भाषेत त्याचा अर्थ ‘लहान आकडा’ असा होतो. उर्दूत तुम्ही यालाच क्रोशिया म्हणता. या सुईच्या टोकाला नाक नसते, छोटा आकडा असतो. तुमच्या घरातील जाळीदार टोपी किंवा टेबलावरचा रुमाल कदाचित याच सुईने विणलेला असेल.

स्वेटर दोन सुयांवर विणतात. त्या वेळी सुईवर एकदम पुष्कळ टाके असतात. क्रोशात सुई एकच असते आणि एक टाका पूर्ण झाला की तिच्यावर एकच फास उरतो. त्यामुळे विणकाम हवे तिकडे वळवता येते. गोल फिरता येते, पाकळी काढता येते, पान काढता येते. मात्र शेवटचा फास नीट बंद केला नाही, तर धागा ओढताच सारे फूल उसवते.

आता एक फूल विणून पाहू. बारीक सुती धागा आणि बारीक टोकाची पोलादी सुई घ्या. धाग्याच्या गुंडीवर क्रमांक असतो. क्रमांक जितका मोठा, तितका धागा बारीक. पहिल्यांदा शिकताना मात्र जाड धागा आणि जाड सुई घ्यावी, म्हणजे टाके स्पष्ट दिसतात.

1. धाग्याचा सैल फास करून सुईवर घ्या. आकड्याने धागा ओढून फासातून बाहेर काढा. ही झाली एक साखळी. अशा 5 साखळ्या घाला. शेवटची साखळी पहिलीला जोडा. एक छोटे कडे तयार होईल.

2. या कड्यात 10 मुके खांब विणा. मुका खांब म्हणजे सर्वांत बुटका खांब. सुई कड्यात घालून धागा ओढून आणावा. सुईवर दोन फास होतात. पुन्हा धागा घेऊन तो दोन्ही फासांतून एकदम काढावा.

3. आता पाकळ्या. पहिल्या टाक्यात 1 मुका खांब विणा. दुसऱ्या टाक्यात 1 अर्धा खांब, 3 खांब आणि पुन्हा 1 अर्धा खांब विणा. असे पाच वेळा करा. पाच पाकळ्या होतील. खांब विणताना सुईवर आधी धाग्याचा एक वेढा घ्यावा, मग सुई टाक्यात घालून धागा ओढून आणावा. सुईवर तीन फास होतात. ते दोन-दोन करून सोडवले की पूर्ण खांब होतो. तिन्ही फास एकदम सोडवले की अर्धा खांब होतो.

4. धागा कापा, शेवटच्या फासातून ओढून घट्ट करा आणि टोक मागच्या बाजूला शिवण्याच्या सुईने लपवा.

पाकळी गोल का झाली, हे तुमच्या लक्षात आले का? आधी बुटका खांब, मग त्याहून उंच, मग सर्वांत उंच आणि पुन्हा बुटका, असा क्रम आपण ठेवला. उंची वाढत गेली आणि उतरत आली, म्हणून कडेला गोलाई आली.

नुसते विणलेले फूल मऊ असते. ते कानात ताठ राहावे म्हणून त्याला खळ देतात. काही जण साखरेचा पाक वापरतात. पण पावसाळ्यात तो चिकट होतो आणि त्याला मुंग्या लागतात. म्हणून तांदळाची खळ किंवा पाण्यात मिसळलेला पांढरा डिंक चांगला. खळीत भिजवलेले फूल प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवावे, पाकळ्या टाचण्यांनी ताणून सुकवावे. टाचण्या गंजलेल्या असतील तर फुलावर डाग पडतात.

अशी फुले अनेक देशांत विणली जातात. तुर्कस्तानात रुमालाच्या काठावर धाग्याची नाजूक फुले करण्याची जुनी रीत आहे. या कामाला तेथे ‘ओया’ म्हणतात. काही ओया शिवण्याच्या सुईने करतात, तर काही क्रोशाच्या सुईने. स्त्रिया तो रुमाल डोक्याला बांधत, तेव्हा फुलांची झालर चेहऱ्याभोवती दागिन्यासारखी शोभत असे. या फुलांना अर्थही असे. नव्या सुनेने लाल मिरचीच्या आकाराची ओया बांधली, की नवऱ्याशी तिचे पटत नाही, हे लोकांना कळत असे. जे तोंडाने सांगता येत नव्हते, ते ती धाग्याने सांगत असे. आज याच ओयाचे हार आणि कानातलीही होतात.

आयर्लंडमध्ये या फुलांनी माणसे जगवली. 1845 साली तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचे मुख्य अन्नच बटाटा होते. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली. तितक्याच लोकांना देश सोडावा लागला. त्या काळात तेथील मठांमध्ये आणि गावांमध्ये मुलींना क्रोशाचे काम शिकवले गेले. क्लोन्स या गावात कॅसांड्रा हँड या बाईंनी 1847 मध्ये असे काम सुरू करवले. गुलाब, पाने, द्राक्षे असे नमुने वेगवेगळ्या घरी विणले जात. मग ते कापडावर मांडून मध्ये बारीक जाळी विणून जोडत. पूर्वीची सुईची लेस करायला फार वेळ लागे. ही लेस त्या मानाने लवकर होई. ती विकून आलेल्या पैशातून कितीतरी घरांत चूल पेटली.

आपल्या देशातही असे एक गाव आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर हे गाव आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्त्रियांनी या भागातील बायकांना लेस विणायला शिकवले. पुढे त्यांची लेस परदेशांत जाऊ लागली. एकीने फुले विणायची, दुसरीने ती जोडायची, अशी कामाची वाटणी झाली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक 1982 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना काय दिसले? घरकाम सांभाळून या स्त्रिया रोज कितीतरी तास विणत होत्या. तरीही लोक त्यांना कामगार म्हणत नव्हते. ‘बायका फुरसतीत विणतात,’ असे म्हणून त्यांना अगदी थोडी मजुरी दिली जाई. नफा मात्र व्यापाऱ्यांकडे जाई. 2024 साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण नावाला मान मिळाला, म्हणजे हातांना दाम मिळालाच असे नाही.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. स्वेटर यंत्रावर होतो. क्रोशासारखी दिसणारी लेसही यंत्रावर निघते. पण खऱ्या क्रोशाची फुले आजही हातानेच विणावी लागतात. म्हणजे बाजारात असे फूल दिसले, की त्यामागे कोणाचे तरी दोन हात असतात.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. समजा, सवयीच्या हाताला एका फुलासाठी 20 मिनिटे लागतात. मग 24 फुलांच्या हाराला 480 मिनिटे, म्हणजे 8 तास लागतील. जोडणे आणि खळ देणे वेगळे. हा एका माणसाचा पूर्ण दिवस झाला. धागा थोड्याच पैशांचा असतो. दिवस मात्र स्वस्त नसतो. म्हणून धाग्याच्या दागिन्याची किंमत विचारताना केवळ धागा पाहू नका, त्यात गेलेले तासही मोजा. तुमच्या घरी आई, आजी किंवा ताई असे काम करीत असेल, तर तिला ‘तू रिकामी बसली आहेस का?’ असे कधी विचारू नका.

शब्दार्थ
आकडा – वाकवलेले टोक, हूक
फास – धाग्याची गाठ पडण्याआधीची वाटोळी गुंडाळी
उसवणे – विणलेले किंवा शिवलेले सुटणे
खळ – कापड ताठ करण्यासाठी वापरायची पेज
झालर – काठाला लावलेली शोभेची पट्टी
फुरसत – मोकळा वेळ
दाम – पैसा, मोबदला

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘क्रोशा’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?
(आ) पाकळीला गोलाई कशामुळे येते?
(इ) नरसापूर कोणत्या राज्यात आहे?

प्र. 2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) स्वेटरचे विणकाम आणि क्रोशाचे विणकाम यांत कोणता फरक आहे?
(आ) आयर्लंडमधील गरिबांना क्रोशाच्या कामाचा आधार कसा मिळाला?
(इ) ‘नावाला मान मिळाला, म्हणजे हातांना दाम मिळालाच असे नाही,’ असे लेखात का म्हटले आहे?

प्र. 3. अनेकवचन लिहा.
सुई, पाकळी, टाका, फूल, साखळी

प्र. 4. पुढील मराठी शब्द उर्दूतही थोड्या फरकाने आढळतात. उर्दू रूप सांगा आणि मराठीत वाक्यात उपयोग करा.
नाजूक, किंमत, कारागीर, रुमाल, हुन्नर

उपक्रम : घरातील किंवा शेजारील विणकाम करणाऱ्या व्यक्तीला एक फूल विणायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून पाहा. त्यावरून 24 फुलांच्या हाराला किती तास लागतील आणि त्याची योग्य मजुरी किती असावी, याचा हिशोब करा. वर्गातील मुलगे व मुली दोघांनीही एक-एक फूल विणून आणावे.