आर्किटेक्ट व्हायचंय, आणि राजकारणातही जायचंय?

‘मुलाला आर्किटेक्चर करायचंय, पण निवडणूक आली की तो प्रचारात सगळ्यांच्या पुढे. याचं पुढे होणार काय?’ सातारा-सांगलीच्या पालकांची ही काळजी रास्त आहे. पण या दोन आवडींचं एकमेकींशी वैर नाही.

पिलू मोदींचंच बघा. १९२६ सालचा जन्म. अमेरिकेत बर्कलीला शिकलेले आर्किटेक्ट. १९६७ आणि १९७१ मध्ये ते स्वतंत्र पक्षाकडून गोध्र्याचे खासदार झाले, आणीबाणीत तुरुंगात गेले, पुढे राज्यसभेवरही होते. आपल्या भागात जयंत पाटील यांनी व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअरिंग केलं. १९९० मध्ये ते आमदार झाले आणि पुढे अर्थ व जलसंपदा ही खाती त्यांनी सांभाळली.

बांधकामाचं शिक्षण राजकारणात कुठे उपयोगी पडतं? सांगलीत कृष्णाकाठच्या प्लॉटचा नकाशा काढायचा तर आधी पूररेषा बघावी लागते. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आर्किटेक्ट त्या रेषा पाळून घर बसवतो. पण निळ्या रेषेच्या आत बांधकामं वाढू द्यायची की रोखायची, याची खरी कसोटी महापालिकेत आणि मंत्रालयात लागते. २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिलेल्या सांगलीकरांना याचं मोल वेगळं सांगायला नको. साताऱ्यानेही १९६७ चा कोयनेचा भूकंप सोसला आहे. नकाशा वाचता येणारी माणसं सभागृहात हवीत ती यासाठी.

क्रम असा ठेवा

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घ्या, ‘नाटा’ ही प्रवेश परीक्षा द्या. बी.आर्क. पाच वर्षांचं आहे. पदवीनंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी करा. १९७२ च्या कायद्यानुसार तिच्याशिवाय नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावता येत नाही.

शिकत असतानाच ग्रामसभेला बसा. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की तो वाचा आणि मुदतीत लेखी हरकत नोंदवा. लोकांचं काम शिकायला याहून चांगली शाळा नाही.

नगरसेवक झालात, तर त्याच महापालिकेच्या कंत्राटात हितसंबंध ठेवू नका. त्यापायी पद जाऊ शकतं, आणि गेलेला विश्वास परत मिळत नाही.

पालकांनो, मुलांना राजकारणापासून तोडू नका. आधी पदवी आणि नोंदणी पूर्ण करा, एवढाच आग्रह धरा. हातात स्वतःचा व्यवसाय असला की निवडणूक हरली तरी घर चालतं, आणि जिंकली तर चुकीच्या कागदावर सही करायला ठाम नकार देता येतो.