शिरोलंब त्रिकोणाबाहेर गेला तेव्हा

आमच्या शाळेत प्रोजेक्टर आला, तेव्हा सोबत आठवीच्या गणिताचे तयार पाठही आले. शिरोलंबाचा पाठ मुलांना इतका आवडला की तो पुन्हा लावायचा आग्रह झाला. चाचणीत मात्र विशालकोन त्रिकोणाचे शिरोलंब काढायला सांगितले, तर बहुतेकांनी तिन्ही रेषा ओढूनताणून त्रिकोणाच्या आत बसवल्या. काटकोन होतोय की नाही, हेही पाहिलं नाही. पाठ पुन्हा पाहिल्यावर कारण सापडलं. पडद्यावरचा प्रत्येक त्रिकोण लघुकोन, पाया कायम आडवा आणि शिरोलंब वरून सरळ खाली. त्यात चुकीचं काही नव्हतं, पण मुलांनी ‘शिरोलंब म्हणजे आतली उभी रेघ’ एवढंच उचललं.

त्यानंतर मी जिओजेब्रा वापरू लागलो. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर शाळांना मोफत मिळतं आणि एकदा संगणकावर घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. खेड्यातल्या शाळेला यातली दुसरी सोय पहिलीपेक्षा मोलाची. त्यात शिरोबिंदू धरून ओढता येतो. कोन ९० अंशांचा होताच शिरोलंबसंपात त्या शिरोबिंदूवर येतो, कोन आणखी वाढला की त्रिकोणाबाहेर पडतो. खडूने हे सरकणं दाखवता येत नाही.

पण शिक्षकमित्रांनो, शिरोबिंदू ओढण्याआधी थांबा. ‘आता संपात कुठे जाईल?’ असं विचारून प्रत्येकाला वहीत गुण्या लावून आकृती काढू द्या. विशालकोन त्रिकोणात पाया तुटक रेषेने पुढे वाढवावा लागतो आणि मुलं अडतात ती नेमकी तिथेच. ती अडचण हातानेच सुटते, नुसतं पडद्याकडे बघून नाही. वर्गात फिरून वह्या पाहा, वेगवेगळी उत्तरं फळ्यावर मांडा, मगच माउस एखाद्या मुलाच्या हाती द्या. ज्याचं चुकलंय त्याला लगेच पुढे उभं करू नका. तास लांबेल, लांबू द्या.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज घेताना आणखी एक गोष्ट सांभाळा. हे सॉफ्टवेअर सहसा दोन दशांश स्थळांपर्यंतच माप दाखवतं, पुढचे अंक आसन्न करून सोडतं. त्यामुळे पडद्यावर ५०.३३, ६०.३३ आणि ६९.३३ दिसतात आणि वहीत बेरीज भरते १७९.९९. ‘मशीनचं सोडा, १८० लिहा’ असं म्हणून हा प्रश्न मिटवू नका. मोजमाप आणि सिद्धता यांतला फरक समजावायला याहून चांगली संधी मिळणार नाही. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढा, व्युत्क्रम कोन दाखवा. तीन कोन मिळून सरळ कोन का होतो, हे मुलांनाच मांडू द्या. हजार त्रिकोण ओढून पाहिले तरी त्यातून हे ‘का’ मिळत नाही.

आणि शाळेसाठी तयार पाठ घ्यायचे असतील, तर पैसे देण्याआधी शिरोलंबाचा पाठ लावायला सांगा. त्रिकोण तिरका करता येतो का, तो विशालकोन होतो का, मुलाने उत्तर देईपर्यंत पाठ थांबतो का, एवढं तपासा. हे जमत नसेल, तर त्या पैशांतून वर्गाला पुरतील एवढ्या कंपासपेट्या घ्या.