जवारीचा पाक आणि चोथ्यात राहिलेली साखर

आमच्या फायनल इयर प्रोजेक्टचे नाव नोटीस बोर्डवर लागले आणि होस्टेलमध्ये दोन दिवस एकच प्रश्न फिरला, "पार्टी कधी?" नाव होते 'ज्वारीच्या माल्टमधून शर्करेचे निष्कर्षण'. आधीच सांगून टाकतो, यीस्ट टाकण्यापूर्वी बिअरच्या कारखान्यात जे घडते तेवढेच आम्ही केले. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे विनापरवाना घरी बिअर करणे गुन्हा आहे, मग ती एक बाटली का असेना. पुण्यात 2009 साली डूलाली सुरू झाली तीसुद्धा रीतसर परवाना काढूनच. तेव्हा पार्टीवाल्यांनी इथेच वाचणे थांबवले तरी चालेल.

मी अंजनगाव सुर्जीचा. बाहेरगावचे लोक आमचे गाव पानमळ्यांमुळे आणि पानपिंपळीमुळे ओळखतात, पण माझ्या लहानपणी घरी जवारीचीच पोती असायची. आता शेतात सोयाबीन आहे. जगभर माल्ट म्हणजे बार्ली. पण नायजेरियाने 1988 मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या कारखान्यांनी जवारीवर बिअर काढली. मग आपल्याला जवारीतून साखर काढायला काय हरकत आहे, असे वाटले.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जवारी भिजवली, ओल्या पोत्यात चार दिवस मोड आणले. आजीने पाहिले आणि ओरडली, "कोवळी जवारी खाऊन ढोर मरते, मालूम नाही का रे बाप्पा तुले? अन् तू मोड उकडून पिऊन राह्यला!" मी हसलो. कॉलेजात येऊन सरांना सांगितले तर ते मुळीच हसले नाहीत. जवारीच्या कोंबात धुरिन नावाचे द्रव्य असते, त्यापासून हायड्रोजन सायनाइड तयार होते. ते मुख्यतः कोंबात आणि मुळ्यांत. म्हणून माल्ट कडक वाळवून, पोत्यावर चोळून, कोंब-मुळ्या सुपाने पाखडून काढल्या. तरीही सरांनी फर्मान काढले, 'कोणीही चाखायचे नाही'. आजीला व्हायव्हाला बसवायला हवे होते.

आता मूळ मुद्दा. मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. माल्ट भरडून गरम पाण्यात ठेवला की ते स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात. याला मॅश म्हणतात. आमच्या माल्टमधून जास्तीत जास्त 70 टक्के, म्हणजे 2 किलोतून 1.4 किलो विद्राव्य पदार्थ निघू शकतो असे आम्ही धरले. त्यातले हाती किती आले, ती कार्यक्षमता.

पहिल्या बॅचला 2 किलो माल्ट, 6 लिटर पाणी, 65 अंश, एक तास. हायड्रोमीटर म्हणाला 6 ब्रिक्स! म्हणजे पाण्यात उतरले जेमतेम 380 ग्रॅम, 27 टक्के. आयोडीनचा थेंब टाकला तर काळानिळा. स्टार्च तसाच पडून होता. कारण पुस्तकात होते, आम्ही वाचले नव्हते. बार्लीचा स्टार्च साधारण 60 अंशांच्या आसपास फुगून मोकळा होतो, जवारीला 70 च्या पुढे जावे लागते. आणि तिथे बीटा-अमायलेज भराभर मरते. स्टार्च उघडावा तर एन्झाइम मरते, एन्झाइम जपावे तर स्टार्च बंद!

यावर उपाय जुनाच आहे. माल्ट आधी 45 अंशांवर भिजवायचा, वरचे निवळ पाणी काढून बाजूला ठेवायचे. एन्झाइम त्या पाण्यात उतरलेले असतात. खालचा लगदा उकळून शिजवायचा, 65 ला थंड करायचा आणि ते पाणी परत ओतायचे. शिवाय आम्ही पाणी बदलले. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा, घरून आणलेले विहिरीचे पाणी अल्कधर्मी. मॅशला पीएच 5.2 ते 5.6 लागतो. सोडियम बायकार्बोनेट नुसते उकळून जात नाही. म्हणून शहानूर धरणाचे नळाचे पाणी घेतले आणि लिंबू पिळत पीएच पेपर पाहिला. रीडिंग आले 16 ब्रिक्स. 1.14 किलो, 82 टक्के! (नेमका त्याच रात्री रेक्टर सरांचा राउंड होता. लगद्याचे पातेले आणि चार मुले पाहून त्यांना जे वाटायचे ते वाटले. आयोडीनची बाटली दाखवून सुटलो.)

पण पाण्यात उतरलेली साखर हाती येतेच असे नाही. चहा गाळल्यावर चोथ्यात चहा राहतो ना, तसेच. एक किलो माल्टचा चोथा साधारण एक लिटर पाणी धरून ठेवतो. 6 लिटरपैकी 2 लिटर आत, म्हणजे साखरेचा तिसरा हिस्सा आत. मग चोथा धुवायचा. 4 लिटरने एकदा धुतला तर 72 टक्के हाती येते. तेच 4 लिटर दोन-दोन करून दोनदा वापरले तर 75. जवारीला बार्लीसारखे टरफल नाही, त्यामुळे चोथ्याचा चिखल होऊन गाळणी तुंबते. भंडाऱ्याच्या रूममेटने भाताचा तूस आणून दिला, तो मिसळल्यावर धार लागली.

खरी गंमत स्ट्राँगची आहे. बिअर स्ट्राँग हवी तर पाक घट्ट हवा, म्हणून लोक माल्ट दुप्पट टाकतात आणि दुप्पट साखरेची वाट बघतात. हिशेब करा. माल्ट 4 किलो, पाक तेवढाच 8 लिटर हवा. चोथाच 4 लिटर पिऊन बसतो. 8 लिटरमध्ये मॅश, 4 बाहेर, म्हणजे निम्मी साखर आत. 4 लिटरने धुतला तर त्याच्या निम्मी, 570 ग्रॅम, तरीही आत. हाती 1.72 किलो, 61 टक्के. पाक 17-18 ब्रिक्सचा झाला खरा, पण माल्ट दुप्पट आणि साखर 1.7 पट. यात हात कोणाचा चुकत नाही, धुवायला पाणीच उरत नाही. जास्त धुवून आटवावे तर गॅसचा खर्च.

आम्हाला वाट साखर कारखान्याने दाखवली. तिथे शेवटच्या मिलचा पातळ रस फेकत नाहीत, मागच्या मिलच्या चोयट्यावर शिंपडतात. आम्ही चोथा आणखी 4 लिटरने धुतला. त्यात 285 ग्रॅम साखर होती. ते पाणी पाकात न घालता पुढच्या बॅचचा लगदा शिजवायला घेतले. हिशेबाने 61 चे 69 टक्के व्हायला हवे होते. आमचे 66 आले, उरलेले तीन बहुतेक दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर सांडले. तिथे अजून मुंग्या आहेत.