गौण खनिजे आणि खणलेल्या जमिनीची पुनर्स्थापना

जालना जिल्ह्याच्या नकाशावर कोळशाची वा लोहखनिजाची खाण आढळणार नाही. दक्खनच्या लाव्हाथरांवर वसलेल्या या जिल्ह्यातून निघतो तो काळा दगड, मुरूम आणि गोदावरी, दुधना व पूर्णा या नद्यांची वाळू. कायद्याच्या परिभाषेत ही 'गौण' खनिजे होत. त्यांच्या अनिर्बंध उत्खननाने गावाची होणारी हानी मात्र गौण म्हणता येणार नाही.

खाणी व खनिजे (विकास व नियमन) अधिनियम, 1957 च्या कलम 15 अन्वये गौण खनिजांसंबंधी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. त्यामुळे नागपूर येथील भारतीय खाण ब्युरो ही 1948 साली स्थापन झालेली संस्था प्रमुख खनिजांच्या खाणींवर देखरेख ठेवते, तर जालन्याच्या दगडखाणींची जबाबदारी जिल्हाधिकारी, जिल्हा खनिकर्म अधिकारी आणि तहसीलदार यांच्यावर येते. पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी स्पष्ट केले. मोठे क्षेत्र लहान तुकड्यांत वाटून मंजुरी टाळण्याचा मार्ग त्यायोगे बंद झाला. पुढे 2013 मध्ये राज्याचे गौण खनिज नियम आले.

वाळूचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. नदीपात्रातील वाळू पुराचे पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना ते सावकाश पुरविते. केंद्र शासनाच्या 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उत्खननाची खोली 3 मीटर किंवा जलपातळी, यांपैकी जे कमी असेल तेवढीच असावी. पात्रातील खड्ड्यात पाणी दिसू लागले की नदीला पाणी आले असा समज होतो; प्रत्यक्षात ते बहुधा काठच्या विहिरींचेच असते. अंबड व घनसावंगी तालुक्यांना याची विशेष झळ पोहोचू शकते, कारण 1976 मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयात वरून येणारी बरीचशी वाळू अडून राहते. उचललेली वाळू पुढच्या पुरात भरून येईल, हा हिशेब येथे सहज जमत नाही. म्हणूनच भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा अहवाल ग्रामसभेत वाचून दाखविणे अगत्याचे ठरते.

दगडखाणीचा व मुरुमाच्या खड्ड्याचा विचार वेगळा करावा लागतो. वरची सुपीक माती आधी बाजूस रचून ठेवली, तरच पुढे लागवड शक्य होते. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ओसाड ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातील प्रेसमड आणि उपयुक्त जिवाणू यांच्या साहाय्याने झाडे वाढविली. प्रेसमड ऊस पिकविणाऱ्या अंबड परिसराला परका नाही! शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात महामार्गासाठी लागणारी माती व मुरूम तलाव आणि नाले खोल करून घेण्यात आला; रस्ता झाला आणि पाणीसाठाही वाढला. जुन्या खोल दगडखाणीत मात्र उभे कडे राहतात. तेथे पाणी साठवावयाचे असल्यास उतार पायऱ्यांसारखे कापून, कुंपण घातल्यानंतरच ती जागा ग्रामपंचायतीने ताब्यात घ्यावी.