सागाची चौकट, वेताची बैठक

शाळेच्या कार्यालयात किंवा आजोळच्या ओसरीवर सागाच्या चौकटीची, वेताने विणलेली जुनी खुर्ची तुम्ही पाहिली असेल. बैठकीला भोक पडले, हात डुगडुगू लागला, की ती माळ्यावर जाते आणि तेथून भंगारवाल्याकडे. चंदीगडला अशाच खुर्च्यांचे काय झाले, ते ऐकण्यासारखे आहे.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले. भारतातील पंजाबला नवी राजधानी हवी होती. तिच्या बांधणीसाठी ल कॉर्ब्युझिए यांच्याबरोबर त्यांचे नात्याने भाऊ असलेले पिएर जानरे १९५१ मध्ये आले आणि १९६५ पर्यंत चंदीगडलाच राहिले. कचेऱ्या, ग्रंथालये, वसतिगृहे यांना हजारो खुर्च्या लागणार होत्या. जानरे आणि यूली चौधरींसारखे त्यांचे भारतीय सहकारी यांनी स्थानिक सुतारांना सहज जमतील असे नमुने तयार केले. साहित्य मुख्यतः साग आणि वेत.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध खुर्ची बाजूने पाहिली, तर तिचे पाय उलट्या 'व्ही'सारखे दिसतात. मधून बैठकीची आडवी पट्टी गेली, की 'ए' अक्षर होते, म्हणजेच वरच्या भागात एक त्रिकोण तयार होतो. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टाचण्यांनी जोडून चौकोन करा आणि कोपरा दाबा. तो लगेच कलंडतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र बाजूंची लांबी बदलल्याशिवाय आकार सोडत नाही. पुलाच्या कैच्यांतही हीच युक्ती असते.

साग का निवडला असेल? आपल्या आलापल्लीच्या जंगलात वाढणारे हे झाड वाळवीला सहसा दाद देत नाही. त्याच्या मध्यकाष्ठात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते. ते वाळवीला मानवत नाही. रबरासारखा तेलकट अंशही असतो, म्हणून घासलेला साग हाताला किंचित मेणचट लागतो. पण हे सारे मध्यकाष्ठाचे गुण. साली-लगतच्या फिक्या रसकाष्ठाला कीड लागते. 'सागाची आहे, तिला काय होते' असे म्हणणाऱ्याने आधी खुर्ची उलटी करून कडांचा रंग पाहावा.

सागाला दुसरा शत्रू आहे, तो म्हणजे हवेतील ओलाव्याचा चढउतार. लाकूड हवेतील बाष्प शोषते व सोडते. ओलावा वाढला की ते फुगते. तंतूंच्या दिशेने जवळजवळ नाही, पण तंतूंना आडवे बरेच. ओला साग पूर्ण वाळताना आडवा सुमारे ५ ते ६ टक्के आकसतो. हा बदल लाकडातील ओलावा ३० टक्क्यांवरून शून्यावर येताना घडतो, असे धरू. म्हणजे ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे साधारण ०.२ टक्के. आता मे महिन्याच्या कोरड्या हवेत लाकडात ६ टक्के ओलावा आहे आणि पावसाळ्यात तो १४ टक्के झाला, तर फरक ८ टक्क्यांचा. ४ सेंटिमीटर रुंदीचे लाकूड सुमारे ०.६ मिलिमीटर फुगेल. तुम्ही म्हणाल, एवढेसे! पण एका लाकडाचे टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवले असते, तेव्हा त्यांचे तंतू एकमेकांना आडवे असतात. एक फुगते, दुसरे त्या दिशेने फुगत नाही. वर्षानुवर्षे हे चालले की सरस तडकतो आणि खुर्ची कुरकुरू लागते. अशा खुर्चीला खिळे ठोकू नयेत. लाकूड चिरते आणि पुढचा सुतार कपाळाला हात लावतो. सांधा सोडवावा, जुना सरस खरवडावा आणि पुन्हा चिकटवून दोरीने आवळून ठेवावा.

वेताचे मात्र पाण्याशी जमते. सैल झालेली जाळी फाटली नसेल, तर खुर्ची उलटी करा आणि जाळीच्या खालच्या बाजूवर कोमट पाण्यात भिजवलेले फडके अर्धा तास ठेवा. वरची बाजू वेताच्या सालीची, गुळगुळीत असते. तीतून पाणी सहज शिरत नाही. नंतर सावलीत दोन दिवस वाळू द्या, कोणालाही बसू देऊ नका. वाळताना तंतू आकसतात आणि जाळी ताणली जाते. आधी व नंतर काठावर सरळ पट्टी आडवी ठेवून मधला खळगा मोजा व वहीत नोंदवा. उन्हात वाळवलात तर वेत ठिसूळ होईल.

जवसाचे तेल लावणार असाल, तर एक इशारा. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून वाळते. त्यात उष्णता निर्माण होते आणि बोळ्यात ती कोंडून आग लागू शकते. फडकी पसरून वाळवावीत.

चंदीगडच्या खुर्च्या मोडकळीला आल्यावर गच्च्यांवर ढीग लागले आणि पुढे त्या निरुपयोगी सामान म्हणून लिलावात गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या, दुरुस्त केल्या आणि युरोप-अमेरिकेत मोठ्या किमतीला विकल्या. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू साधारणपणे शंभर वर्षे जुनी असावी लागते. या खुर्च्या त्यात बसेनात. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारशाच्या सामानाच्या विक्रीला व निर्यातीला आळा घालणारा आदेश काढला. तोवर पुष्कळ माल गेला होता.

या खुर्च्यांच्या मागे किंवा कडेला रंगाने लिहिलेली अक्षरे व आकडे आढळतात. ती होती कचेरीची साधी नोंद. आज संग्राहक प्रथम तीच शोधतात. अर्थात नकली खुर्चीवरही आकडे रंगवता येतात. म्हणून हातांच्या घामाने काळवंडलेली हाताची टोके, झिजलेले पायांचे तळ, आतल्या न घासलेल्या बाजूंवरचा जुना रंग, हेही ताडून पाहावे लागते.

मी स्वतः एकदा घरची जुनी खुर्ची 'नवी' करण्याच्या उत्साहात पॉलिश कागदाने घासली. तिच्या मागे पुसट शिक्का होता. दहा मिनिटांत तो भुशात गेला. तिची चौकट आता छान चमकते, पण ती कोणी व केव्हा बनवली, हे मला कधीच कळणार नाही. तुमच्या शाळेत अशी खुर्ची असेल, तर घासण्यापूर्वी ती सर्व बाजूंनी पाहा आणि आकडा-शिक्का सापडला तर त्याचा फोटो काढून ठेवा.